सारजामावशींची हाक

"भाजी कोनची आवडती तुमाला, मास्तर?"

सारजामावशी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. मी खाटेवर आडवा. उशीशी रुमाल, रुमालावर रक्त. डाव्या छातीत रोग आहे, सहा महिने तरी उठायचं नाही, हे डॉक्टर तासाभरापूर्वीच सांगून गेले होते. माझं वय सत्तावीस. नगरच्या शाळेत मराठी शिकवत होतो, नाटकं लिहीत होतो, आणि स्वतःला बराच मोठा समजत होतो. त्या तासाभरात मी मनातल्या मनात माझा मृत्युलेख जवळजवळ पुरा करत आणला होता. त्यातलं शेवटचं वाक्य जुळत असताना ही ठेंगणी, सावळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई येऊन भाजीचं विचारते म्हणजे काय!

"मला भूक नाही," मी तुटकपणे म्हणालो.

"खायाचं कोन इचारतंय? पेरायचं इचारलं."

आणि माझ्या हातावर दोडक्याच्या चार बिया ठेवून त्या निघून गेल्या.

मिशनचं ते क्षयाचं इस्पितळ तेव्हा गावाबाहेर होतं, सावेडीच्या माळावर. आज तिथं बंगले आणि शाळा आहेत. तेव्हा नुसतं कुसळी गवत, वारा, आणि छावणीकडं जाणाऱ्या लष्करी लॉऱ्यांचा धुरळा. दुसरी मोठी लढाई चालू होती. वॉर्ड म्हणजे खिडक्या लावलेली लांबलचक ओसरी; तिथं आम्ही चौदा जण ओळीनं पडलेले असायचो. मावशी तिथल्या आया. नर्सबाई वेगळ्या होत्या, कडक इस्त्रीच्या. पण वॉर्ड चालवायच्या त्या मावशीच. नव्या पेशंटकडून त्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या खिडकीखाली वेल लावून घ्यायच्या. उठता येत नसेल तर बी निदान त्याच्या हाताला लावून न्यायच्या. "येल खिडकीला टेकूस्तवर तरी थांबा. मग कुठं जायाचं ते बगू."

पेशंट गेला तरी वेल राहायचा. त्याची भाजी आम्हालाच. मी एकदा ताट सरकवलं, म्हटलं, गेलेल्या माणसाचं घोसाळं मी खाणार नाही.

"घोसाळ्याला काय ठाव पेरनारा मेला त्ये?" मावशी म्हणाल्या. "खावा गुमान. लई शिकल्याला मानूस भुकेनं मेला, असं नगं व्हायला."

त्यांचा आणखी एक नेम होता. "कसं वाटतंय?" असं त्या कुणालाही, कधीही विचारत नसत. डॉक्टर विचारायचे, पाद्रीसाहेब विचारायचे, भेटायला येणारे तर विचारायचेच. मावशी नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "कसं वाटतंय म्हनलं की मानूस आत बगाया लागतो. आत काय हाय बगन्याजोगं? रगत न् पू. भाईर बगाया लावावं." म्हणून त्या बाहेरचं सांगत राहायच्या. माळीवाड्यात कुणाचं लग्न निघालं, बाजारात गवार कशी निबर आली होती, कुठल्या लॉरीखाली कुणाची कोंबडी गेली.

बेलापूरकडचे एक म्हातारे माझ्या शेजारच्या खाटेवर होते. त्यांचं संपत आलेलं होतं, आम्हाला सगळ्यांना कळत होतं. त्यांना एकच ध्यास. घरची गाय गाभण आहे, व्याली का? मावशी रोज सकाळी बेलापूरकडून आलेल्या कुणाला तरी गाठायच्या आणि येऊन सांगायच्या, "न्हाई अजून. आज-उद्या." चौथ्या दिवशी म्हाताऱ्यांनी डोळे उघडले, मावशींकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, "न्हाई अजून." म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि दुपारी ते गेले.

मी चिडलो. "मावशी, व्याली म्हणून सांगायचं होतं! सुखानं डोळे मिटले असते."

"मग वाट कशाची बगितली असती त्यांनी?" त्या खाटेवरची चादर काढत होत्या. "कशाची तरी वाट बगत जावं मानसानं. मोकळ्या हातानं जाऊ नये."

हे त्या एवढ्या खात्रीनं कुठून बोलल्या ते मला नंतर कळलं. त्या स्वतः वाट बघत होत्या. मुलाची.

मावशी ख्रिस्ती. मुलाचं देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, नाव दानियल. घरात पोपट. बाप लहानपणीच गेलेला. मावशींनी पोराला इस्पितळातच कंपाउंडरच्या हाताखाली लावलं होतं. एकदा वॉर्डातला एक पेशंट गेला. विणकर होता बिचारा. त्याच्या खाटेखाली कोऱ्या वहाणा राहिल्या होत्या. बायको येऊन नेईल म्हणून मावशींनी त्या बाजूला ठेवल्या. रविवारी पोपट त्याच घालून देवळात निघाला. मावशींनी ओसरीवर, सगळ्या पेशंटांदेखत, त्याच्या थोबाडीत मारली.

"मेलेल्याला काय करायच्यात?" पोरगं म्हणालं.

"पुन्ना मला तोंड दाकवू नगंस," मावशी म्हणाल्या.

अठरा वर्षांचा पोरगा. वहाणा तिथंच काढून ठेवल्या आणि अनवाणी गेला. कुणीतरी सांगितलं, नगरच्या ठेसनावर खाकी कपड्यात दिसला. पुढं दोन वर्षं पत्र नाही, निरोप नाही. "जल्मात कदी आईचं ऐकलं न्हाई त्यानं," मावशी मला म्हणाल्या, "आन ऐकलं त्ये हेच." म्हणताना हसल्यासुद्धा. मला ते हसू बघवलं नाही, मी भिंतीकडं तोंड केलं.

पाचव्या महिन्यात मी बसायला लागलो. रक्त थांबलं, वजन वाढलं. मावशींनी ताटाशी बसून, दटावून, प्रसंगी शिव्या घालून मला माणसात आणलं. हे काही मी नाटकी बोलत नाही. आम्हा चौदांपैकी किती उठले ते मला ठाऊक आहे.

बसता यायला लागलं तसं मी रेडिओसाठी नाटक लिहायला घेतलं. अर्ध्या तासाचं. मरणाला टेकलेली एक आई आहे, मुलगा वसंत दूरदेशी, ती त्याची वाट बघते आहे. विषय कुठून उचलला ते सांगायला नको. मावशींची परवानगी? ती घ्यायची असते हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. लिहून झाल्यावर मी मोठ्या ऐटीत ओसरीवर वाचून दाखवलं. शेवटी आई चाळीस ओळी बोलून प्राण सोडते. जीवन म्हणजे काय, मृत्यू म्हणजे काय, सगळं आलं होतं त्यात.

वाचन संपलं. दोन-तीन पेशंटांनी डोळे पुसले. मावशी बेडपॅन घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"चाळीस वळी बोलायला छातीत वारं लागतं, मास्तर. मराया टेकलेल्या बाईकडं कुठलं आलं?"

सगळा वॉर्ड खोकत खोकत हसला. मी जाम भडकलो. पण त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि मरणारी माणसं काय बोलतात ते सांगू लागल्या. पाणी मागतात. उशी वर घ्या म्हणतात. दार लावलं का विचारतात. एकजण म्हणे शेवटी म्हणाला, "त्या म्हशीला आता इकून टाका, लई लाथा मारती." आवाज कसा असतो तेही त्यांनी करून दाखवलं. घसा ताणून नाही, रडून नाही. शेजारच्या माणसाला झोपमोड न करता उठवावं तसा.  माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी माझ्यातल्या नाटककारानं हिशेब केला की ही बाई मायक्रोफोनसमोर उभी राहिली पाहिजे.

चाळीस ओळींच्या सहा झाल्या. नाटक मुंबईला पाठवलं, पसंत पडलं. आईच्या कामाला नगरकडची बोली बोलणारी बाई माझ्याकडं आहे असं मी कळवलं. डॉक्टरांनी परवानगी दिली. मावशी मात्र आधी नाहीच म्हणाल्या. "आमी काय नाटकवाल्या हाय? देवळात काय म्हन्तील?"

मग एके दिवशी एका पेशंटचा भाऊ रजेवर आला, शिपाईगडी. तो सहज बोलता बोलता म्हणाला की त्यांच्या लष्करी इस्पितळात, तिकडं आसामात, संध्याकाळी रेडिओ लावतात. मुंबईचं मराठीसुद्धा ऐकू येतं.

मावशी त्या दिवशी संध्याकाळी माझ्या खाटेशी आल्या. "म्या करते तुमचं नाटक. पन त्या आईनं शेवटाला 'वसंता' न्हाई म्हनायचं. 'पोपटा' म्हनायचं."

"का?" कारण समजत असून मी विचारलं.

"कुठं तरी आसंल त्यो. ऐकंल. म्या तोंड दाकवू नगं म्हनले, त्ये म्याच मागं घ्याया पायजे. पत्ता न्हाई, तर कागुद कुठं धाडू? हाक तरी मारते."

आता इथं मी काय म्हणायला हवं होतं ते कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल. मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, "मावशी, नाटक म्हणजे काही पत्र नव्हे."

देवा! ते वाक्य मला अजून ऐकू येतं. 'पोपट' हे आमच्या खेड्यापाड्यांतून चांगलं घरंदाज नाव, पण मुंबईची शिकलेली माणसं ऐकतील, शोकाच्या ऐन शिखरावर आई 'पोपटा' म्हणेल आणि लोक फिदीफिदी हसतील, ही माझी भीती. मावशींनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी कंटाळून म्हणालो, "बरं. आधी 'वसंता' म्हणा, नाटकातलं. मग सगळं संपल्यावर एकदा हळूच तुमचं म्हणा." त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच उदारपणाचं कौतुक वाटलं.

मावशींना वाचता येत होतं, पण कागद धरला की त्या शाळेतल्या पोरीसारख्या एकसुरी वाचायच्या. म्हणून त्यांनी सगळं नाटक पाठ केलं, सगळ्यांची कामं. ताप बघताना, काढ्याची भांडी घासताना त्या पुटपुटत असायच्या. सहा ओळी म्हणून झाल्या की "वसंता". मग थोडं थांबून "पोपटाऽ, ये रं घरी." ती शेवटची हाक त्यांनी कितीदा म्हणून बघितली असेल, मला मोजता येणार नाही. सगळ्या वॉर्डाला पाठ झाली होती. ज्यांना बोलायची मनाई होती तेसुद्धा ओठ हलवायचे.

तोवर मी हिंडूफिरू लागलो होतो. दौंडला गाडी बदलून आम्ही मुंबईला गेलो. खोलीच्या भिंतींना गादीसारखं काही तरी ठोकलेलं, मधे मायक्रोफोन, एका बाजूला काच. काचेपलीकडं नाटक बसवणारे साहेब. तेव्हा सगळं समोरासमोर, जसं बोलाल तसं त्याच क्षणी हवेत जायचं. आधी ध्वनिमुद्रण करून ठेवायची सोय नाही. साहेबांच्या खुणा मावशींना समजेनात, म्हणून खुणा करायला मला मायक्रोफोनपाशी उभं केलं. तळहात दाखवला की थांबायचं, एवढं ठरलं.

लाल दिवा लागला. आणि काय सांगू तुम्हाला! कसलेल्या नटनट्या होत्या तिथं. पण मावशी बोलू लागल्या तसे त्यांचे आवाज हळूहळू खाली आले. कुणाला ठरवून काही करावं लागलं नाही. मावशी खाटेवरच्या माणसाशी बोलायच्या तशाच बोलत होत्या. "उशी वर घे गं. दार लोटलंस का? लोटू नगंस, त्यो येनार हाय." काचेपलीकडचे साहेब पुढं वाकले होते. शेवटी मावशींनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वसंता." एवढंच. खोलीत कुणी हललं नाही.

मी घड्याळ बघितलं. वेळ होता. पुरा होता.

पण ती शांतता माझी होती. माझ्या नाटकाची. आता एक 'पोपटा' आला की तिचा विचका होणार, असं मला वाटलं. मावशींनी माझ्याकडं बघितलं. 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात. त्यांचे ओठ मिटलेले मी पाहिले. आणि मी तळहात पुढं केला.

त्या थांबल्या. ओठ तसेच मिटून घेतले. काचेपलीकडून साहेबांनी खूण केली, सतार सुरू झाली आणि वाजत राहिली. दिवा विझेपर्यंत चांगलं अर्धं मिनिट वाजली.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी आम्हाला घेरलं. साहेबांनी मावशींना हात जोडले. गर्दी पांगल्यावर मावशींनी विचारलं, "मास्तर, ऱ्हायलं की माजं?"

"वेळ संपला होता मावशी. रेडिओचं तसंच असतं."

"बरं," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत दौंडला त्यांनी पेरू घेतला, चाकूनं बिया काढून मला गर दिला. बिया माझ्या पोटाला जड म्हणून. मी तो खाल्ला. वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतील का याचा विचार करत खाल्ला.

पुढं लढाई संपली. मी बरा होऊन शाळेत रुजू झालो. मावशींना भेटायला दर रविवारी जात असे. अशाच एका रविवारी ओसरीच्या पायरीवर एक लंगडणारा जवान येऊन बसला होता. राहुरीकडचा होता. मावशींचं नाव विचारत विचारत आला होता. पोपट त्याच्या शेजारच्या खाटेवर होता, आसामच्या लष्करी इस्पितळात. काळा ताप झाला होता त्याला.

मावशींनी त्याला आधी पाणी दिलं, मग भाकरी. तो खाऊन होईपर्यंत काही विचारलं नाही. मग समोर बसल्या.

"लई चांगला गडी, मावशी," तो म्हणाला. "एक डाव सांजच्याला रेडूवर नाटक लागलं हुतं. कुनी म्हातारी मरत हुती त्यात. पोपट ताडकन उठून बसला. म्हनला, ही माजी आई हाय! आमी समदे हसलो. म्हनलं, तापानं फिरलं येड्याचं. पन त्यो हटंना. रेडूला कान लावून बसला. म्हनला, गप ऱ्हावा, आता ती मला हाक मारती बगा."

 मी पायरीचा दगड घट्ट धरला होता.

"मग?" मावशी म्हणाल्या.

"मग म्हातारी कुना वसंताला हाक मारून मेली. बाजा वाजाया लागला. त्यो वाजून सपूस्तवर पोपट बसून हुता. मग आडवा झाला. म्हनला, न्हाई रं. आई असती तर मला हाक मारली असती." जवानानं डोळे पुसले. "आठ दिसांनी गेला."

मावशींनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. त्या पोराच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आवाज वळकला ना पन त्यानं?"

"व्हय."

"बास तर मग." आणि उठून त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवायला गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. चहा काही आला नाही.

त्यानंतर मी वर्षभर त्यांच्याकडं जात राहिलो. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचंच, की मावशी, वेळ होता, मी खोटं बोललो. ओसरीवर गेलो की जीभ रेटायची नाही. त्या भाजीचं बोलायच्या, बाजाराचं बोलायच्या. नव्या पेशंटांकडून वेल लावून घ्यायच्या. त्या मला चार शिव्या देत्या तर मी सुटलो असतो. पण त्यांना काही ठाऊकच नाही असं मी धरून चाललो होतो. ते सोयीचंही होतं, खोटं कशाला बोलू?

पुढं त्यांनी काम सोडलं. गुडघे गेले होते. पारनेरला बहिणीकडं राहायला निघाल्या तेव्हा मी मोटारीच्या अड्ड्यावर पोचवायला गेलो. मोटार भरत होती. मावशी खिडकीशी बसल्या, मांडीवर गाठोडं.  शेवटी एकदाचं तोंडातून बाहेर पडलं.

"मावशी, त्या दिवशी मुंबईला वेळ संपला नव्हता."

त्यांनी गाठोड्याची गाठ चाचपली. "ठाव हाय मला."

"ठाव आहे?"

"मागं बाजा वाजत हुता की, मास्तर. केवढा येळ वाजला! तेवढ्यात म्या चार पोरांस्नी हाका मारल्या असत्या."

क्लीनर ओरडत होता. ड्रायव्हर चढला. मी खिडकीचा गज धरला. "मग तेव्हाच बोलायचं ना मला! इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

"तवा तुमी नुकतं उठला हुतात," त्या म्हणाल्या. "डावी बाजू कच्ची हुती. मनाला लावून घेतलं असतंत, पुन्ना रगत पडलं असतं."

मोटार सुरू झाली.  त्यांनी गजावरचा माझा हात हलकेच सोडवला.

"आता बरे झालात," त्या म्हणाल्या, "म्हनून बोलले."

मोटार गेली. त्या पारनेरला आणखी दोन वर्षं जगल्या. मी तिथं एकदाही गेलो नाही. त्यांच्यासमोर बरा झालेला माणूस म्हणून उभं राहायची मला लाज वाटत होती. ती अजून वाटते.